गच्चीवर वाळत घातलेली रीम

अत्यंत गंभीर स्वरूपाची सूचना. पुढील मजकूर शक्यतो उभ्याने वाचावा. गुडघे दुखत असतील तर बसून, पण पाठ ताठ ठेवून. कारण मी येथे प्रथमच, आणि पूर्ण शुद्धीत, जाहीर करतो की यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्यात, एका ऑक्टोबर महिन्यात, भर दुपारी, आठ विद्यार्थ्यांनी मिळून भौतिकशास्त्राचा खून केला. हत्यार होतं ऊन. प्रेत कॉलेजच्या गच्चीवर उघड्यावर पडलं होतं आणि आम्ही ते दर अर्ध्या तासाने उलटवत होतो. याबद्दल आजवर कोणालाही अटक झालेली नाही. सूचना संपली. बसा आता.

तर, आमच्या कॉलेजात मुद्रण आणि प्रकाशन या विषयाची पदवी मिळत असे. हे सांगितलं की लोक अजूनही माझ्याकडे संशयाने बघतात. पांढरकवड्यात हायवेवर ट्रकचे टायर बदलून मिळतात, ढाबे आहेत, मागे जंगल आहे. छपाईची पदवी कुठून आली? ती आली कापसामुळे. त्या वर्षांत कापसाचं सगळं बिघडलेलं होतं, पण कापसाच्या बियाण्याची पोस्टरं जोरात होती. गावोगावच्या कृषी केंद्रांच्या दारांवर, एसटीच्या थांब्यांवर, शाळेच्या कंपाउंडवर, जिथे चिकटवायला जागा असेल तिथे नारळाएवढं बोंड फुटलेलं असायचं. वावरात नव्हतं तेवढं पीक भिंतींवर होतं. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी ही सुबत्ता पाहिली आणि छपाईला भविष्य आहे असं ठरवून टाकलं. एक जुनी मिनी ऑफसेट मशीन घेतली, विद्यापीठाकडून तात्पुरती मान्यता आणली आणि बारावीत ज्यांचं कुठेच काही झालं नाही अशा दहा जणांना आत घेतलं. त्यातला मी एक.

पहिल्याच वर्षी एक पेपर होता: मुद्रणाचे प्राथमिक भौतिकशास्त्र. आम्हाला वाटलं होतं की भौतिकशास्त्र बारावीतच आपल्याला संपवून पुढे निघून गेलं. ते दार अडवून इथे उभं असेल अशी कल्पना नव्हती.

तो पेपर शिकवणारे सर उंच, सडपातळ, फुलसावंगीचे. घरी चार एकर कोरडवाहू जमीन, ती त्यांचे थोरले भाऊ करायचे. सर एमएस्सी होते आणि सात वर्षं तासिकेवर शिकवत होते. तासिकेवर म्हणजे जुलैमध्ये नेमणूक आणि मार्चमध्ये रजा, पुन्हा जुलैत पहिल्यापासून अर्ज. त्यांचं वय सरकारी मर्यादेच्या काठावर येऊन ठेपलं होतं. संस्थेने त्यांना शब्द दिला होता: विद्यापीठाची कमिटी येईल, तिने कोर्सला कायम मान्यता दिली की तुम्ही पर्मनंट. मान्यता नाही मिळाली तर कोर्स बंद, आणि मग तुम्ही इथे काय शिकवणार? हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. चहावाल्यालाही माहीत होतं. तो सरांना चहा देताना विचारायचा, "काय सर, झाले का पर्मनंट?" आणि सर म्हणायचे, "कमिटी येऊ द्या."

आमच्यात एक जण तेहतीस-चौतीस वर्षांचा होता. गावातल्या जुन्या छापखान्याच्या घरातला, अब्बांच्या हाताखाली दहा वर्षांचा असल्यापासून मशीनवर उभा राहिलेला. त्याला सगळे भाई म्हणत, सरसुद्धा. छापखान्याला सरकारी काम मिळायचं तर घरात कोणाकडे तरी पदवी हवी, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं म्हणून तो आला होता. दुसरी उल्लेख करण्याजोगी व्यक्ती म्हणजे मुकुटबनची एक मुलगी. ती रोज पहिल्या एसटीने यायची आणि पुस्तकातला कुठलाही परिच्छेद पान नंबरसकट म्हणून दाखवायची. तिला आम्ही मुकुटबनवाली म्हणत असू. ती आम्हाला काय म्हणायची ते छापण्यासारखं नाही.

सरांची शिकवायची पद्धत अशी की ते हातात कागदाचा एक ताव धरून वर्गात यायचे, तो आमच्यासमोर धरायचे आणि विचारायचे, "याले आत्ता कसं वाटून राह्यलं असंल?"

पहिल्या दिवशी आम्ही एकमेकांकडे बघितलं. कागदाला वाटतं?

"पोट्टेहो, हा कापसाचा भाऊबंद हाय. झाडापासून आला. हवा दमट असली का पाणी पेते, फुगते. हवा कोरडी असली का आकसते. तुमी त्याले मशीनमंधी टाकायच्या आदी त्याची तब्येत इचारली पायजे."

सर एरवी शुद्ध बोलायचे. आनंद झाला किंवा काळजी वाटली की वऱ्हाडीवर यायचे. त्या वर्षी आम्ही त्यांच्याकडून बरंच वऱ्हाडी ऐकलं.

एकदा त्यांनी बियाण्याचं एक पोस्टर आणून फळ्यावर डकवलं. भलंमोठं बोंड, हिरवीगार पानं.

"सांगा, या बोंडाचा पांढरा रंग कोणत्या शाईनं छापला?"

कोणी म्हणालं पांढऱ्या. कोणी म्हणालं शाईत चुना घालून. मुकुटबनवाली गप्प, कारण हे पुस्तकात नव्हतं.

"कोनत्याच नाई," सर म्हणाले. "तिथं काहीच छापलं नाई. बाकी सगळीकडं रंग हाय. जिथं तुमाले कापूस दिसून राह्यला, तिथं निस्ता कोरा कागद हाय."

मागच्या बाकावरून भाई म्हणाला, "सर, वावरातबी यंदा तसंच हाय."

वर्ग हसला. सरही हसले, मग हसायचे थांबले आणि पोस्टर काढून गुंडाळून ठेवलं.

पोळ्यानंतर आमच्यातला एक जण डोकं भादरून आला. दोन दिवस वर्गात बसला, वहीत काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी आला नाही आणि पुन्हा कधीच आला नाही. आम्ही नऊ उरलो. भाईने नंतर सांगितलं की त्याच्या बापाच्या तेरवीची पत्रिका त्यांच्याच छापखान्यात छापली गेली. पूर्वी दिवाळीनंतर लग्नपत्रिकांनी छापखाना भरून जायचा, आता बाराही महिने काळी चौकट छपाईच्या खिळ्यांत बसवून तयार ठेवावी लागते. सरांनी त्या दिवशी प्रकाशाचं परावर्तन शिकवायचं ठेवलं होतं, ते सोडून उष्णता घेतली.

आता कमिटीकडे येतो.

दसरा झाला आणि प्राचार्यांनी आम्हा सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. सर तिथे नव्हते. ते आदल्याच दिवशी कोर्सची फाइल घेऊन विद्यापीठात गेलेले होते आणि कमिटीच्या गाडीतूनच परत येणार होते. भाईही नव्हता. बियाण्याच्या कंपनीची कॅलेंडरं छापायला आली होती आणि अब्बांनी त्याला मशीनवरून हलू दिलं नव्हतं. म्हणजे ज्या दोन माणसांना कागद कळत होता, ती दोन्ही हजर नव्हती.

प्राचार्य टेबलावर बोटं वाजवत म्हणाले, "उद्या कमिटी येऊन राह्यली. मशीनवर तुमाले दोन रंगात छापून दाखवाचं हाय. अन् लॅबमंधी ते कागदाचा ओलावा तपासनार हायेत. सरांचं नशीब आता त्या एका रीमवर हाय, समजलं?"

ओलावा तपासणार.

हे वाक्य दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात म्हटलं असतं तर मुलांनी मान डोलावली असती. आम्ही आठही जण गार पडलो. आमच्यातले सात कापसाच्या घरचे आणि आठवी मुकुटबनवाली, तीही कापसाचीच. आमच्या घरांत ओलावा हा शब्द एकाच ठिकाणी ऐकू यायचा: कापूस खरेदी केंद्रावर. बैलगाड्यांची रांग, दोन-दोन दिवस मुक्काम, आणि मग ग्रेडर नावाचा माणूस यायचा, गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस दाबून बघायचा आणि म्हणायचा, "ओला हाय." दोन शब्द. त्यानंतर बापाच्या चेहऱ्यावर जे व्हायचं ते आम्ही लहानपणापासून बघत आलो होतो. म्हणून केंद्रावर जायच्या आधी आमच्याकडे सगळं घर कापूस वाळवत असे. अंगणात, गच्चीवर, पत्र्यांवर, खाटांवर. मी सहा वर्षांचा असल्यापासून कापूस उलटवतो आहे. तपासणी आहे म्हटलं की वाळवायचं. यात विचार करण्यासारखं काही आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

आम्ही लॅबमध्ये गेलो. पावसाळाभर गळणाऱ्या त्या खोलीत रीम ठेवली होती. रीम म्हणजे पाचशे ताव. कडांना लाटा आल्या होत्या. मी हात लावून पाहिला. मला आजही खात्री आहे की मी तो अगदी ग्रेडरसारखा लावला.

"ओला हाय," मी म्हणालो.

"लयच ओला हाय," दुसरा म्हणाला.

"आता बा?"

"आता काय, वाळवा."

ही कल्पना माझी होती. आजवर मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. कारण कल्पना सर्वांची होती असं म्हणण्याची आमच्यात पद्धत पडली आणि मी ती मोडली नाही.

आता कोणी म्हणेल, सरांनी ऑगस्टमध्ये शिकवलं नव्हतं का की कागदात थोडा ओलावा पाहिजेच? शिकवलं होतं. आम्ही लिहूनही घेतलं होतं. मुकुटबनवालीला तर पान नंबर माहीत होता. मी तिला विचारलंही, "पुस्तकात काय लिवलं हाय बे वाळवायबद्दल?"

ती म्हणाली, "पुस्तकात आपल्या लॅबसारखी गळकी खोली नाई. चाल, उचल."

आणि आम्ही उचलली. गच्चीवर नेली, तावांचे थर पसरले, वर दगड ठेवले, ओळी केल्या, मध्ये चालायला वाट ठेवली. ऑक्टोबरचं ऊन होतं, पायाला गच्ची सोसत नव्हती. दर अर्ध्या तासाने आम्ही कागद उलटवत होतो आणि मी खरं सांगतो, इतकी शिस्त आम्ही त्या कोर्समध्ये दुसऱ्या कशालाच दाखवली नाही. खालून एक म्हातारा सायकल थांबवून वर बघत म्हणाला, "काय वाळवून राह्यले, पापड?"

"कागद, बुवा."

"काहून?"

"साहेब येऊन राह्यले तपासाले."

म्हातारा समजल्यासारखी मान हलवून म्हणाला, "मंग सांजच्याला झाकून ठेवजा. दव धरते."

तो कापसाचाच माणूस. आम्ही त्याचं ऐकलं. संध्याकाळी कागद गरम असतानाच गोळा केला, सारखा केला आणि प्लास्टिकच्या ताडपत्रीत इतका घट्ट बांधला की हवा शिरायला जागा राहिली नाही. आम्ही खूश होतो. सरांसाठी आम्ही काहीतरी केलं होतं. ते पर्मनंट होणार आणि त्यात आमचा घाम असणार. एकाने तर पेढे कुठून आणायचे याचाही विचार केला होता.

दुसऱ्या दिवशी कमिटी आली. तीन जण होते. अध्यक्ष रसायनशास्त्राचे, पांढरे केस, मृदू बोलणारे. एक बाई, त्या सगळं वहीत लिहून घेत होत्या. तिसरे सदस्य कोणत्या विषयाचे होते ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते उपमा खात होते. वीज दहा ते दोन असायची, नंतर लोडशेडिंग, म्हणून सगळं त्या चार तासांत उरकायचं होतं. सर इस्त्रीच्या शर्टात होते आणि पूर्ण शुद्ध बोलत होते. याचा अर्थ त्यांना भयंकर भीती वाटत होती. भीती काळजीच्या पुढची असते.

आधी लॅब. आम्ही ताडपत्रीतून ओढून दिलेला एक ताव सरांनी फाडून तुकडे केले, तराजूवर तोलले, ओव्हनमध्ये ठेवले. तासाभराने पुन्हा तोलायचे आणि जेवढं वजन कमी झालं तेवढा कागदातला ओलावा. तुकडे हातात घेतानाच सरांचा हात थोडा थांबला. मला दिसलं. पण कमिटी बघत होती.

मग मशीन. भाईने ताडपत्री सोडली, वरचा ताव उचलला, कानाजवळ नेऊन हलवला. ताव वाजला. भाईने आमच्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं सांगू? दहा वर्षांचा असल्यापासून कागद हाताळलेल्या माणसाला त्याच्या वर्गमित्रांनी कागदाचा पापड करून दिला तर त्याच्या नजरेत जे असेल ते.

तो सरांजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "सर, मशीन बिघडली म्हनून सांगतो. पट्टा काढून घेतो, कोनाले कळनार नाई."

सर म्हणाले, "चालू द्या भाई."

दुसरा कागद नव्हताच. भाईने पिवळा रंग चढवला. मशीनने एक ताव ओढायच्या ऐवजी दोन ओढले, मग तीन. कोरडे ताव एकमेकांना असे चिकटले होते की फुंकर मारली तरी सुटत नव्हते. शेजारी उभ्या मुलाने हात जवळ नेला तर त्याच्या हातावरचे केस उभे राहिले. उपमा खाणारे सदस्य म्हणाले, "वा." त्यांना वाटलं हेही प्रात्यक्षिकात आहे. कसेबसे पन्नासेक ताव पिवळे निघाले. मशीन धुवायची, निळा चढवायचा, यात तास गेला. कमिटीने चहा घेतला. आणि त्या तासात आमचा वाळवलेला कागद, ज्याला ऑफसेट मशीनमध्ये शाईबरोबर फिरणाऱ्या पाण्याचा हात लागला होता, वर हवा लागली होती, तो हळूहळू पाणी पीत आणि फुगत बसला होता. सरांनी ऑगस्टमध्ये सांगितल्याप्रमाणे, तंतोतंत.

निळा रंग छापला गेला. पिवळ्यावर निळा नेमका बसला की हिरवं पान दिसायचं होतं. भाईने ताव उचलून उजेडात धरला. पिवळं पान एकीकडे, निळं पान दुसरीकडे, मध्ये हिरव्याची एक बारीक चोरटी पट्टी. ताव डावीकडे बरोबर होता आणि उजवीकडे जाईल तसा बिघडत गेला होता. एका पानाला दुसरंच पान लगटून उभं आहे असं दिसत होतं.

ओव्हनमधले तुकडे तोलले. वजन अपेक्षेच्या निम्म्यानेही घटलं नव्हतं.

अध्यक्ष खरंच भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "मशीन फार जुनी दिसते आहे."

भाई लगेच म्हणाला, "हो साहेब, लई जुनी. अब्बाच्याही आदीची."

सगळे सरांकडे बघत होते. सरांनी नुसतं हो म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. मशीन जुनी, निधी कमी, विद्यापीठाने मदत करावी. कमिट्यांना असली वाक्यं आवडतात. प्राचार्य तर सरांच्या वतीने मान हलवायला लागलेही होते.

सरांनी तो ताव भाईच्या हातातून घेतला, पट्टी मागितली, पिवळ्या रेघांमधलं अंतर मोजलं, निळ्या रेघांमधलं अंतर मोजलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मी शपथेवर सांगतो, हसू आलं.

"मशीन एकदम बरोबर हाय साहेब," ते म्हणाले. "हे कागदानं केलं. पोट्टेहो, इकडं या. सगळे या. हे पाहा."

आणि त्यांनी शिकवायला सुरुवात केली. कमिटी विसरून. ताव आडवा किती वाढला, उभा किती कमी वाढला, कागदातले धागे कोणत्या दिशेला बसलेले असतात, केस का उभे राहिले, ओव्हनला काढायला पाणी का उरलं नव्हतं. जुलैपासून जे ते फळ्यावर खडूने काढत होते ते सगळं त्या एका बिघडलेल्या तावावर उमटलं होतं. वीस मिनिटं ते बोलत होते. इतकं चांगलं ते कधीच बोलले नव्हते आणि मला त्या वीस मिनिटांत भौतिकशास्त्र कळलं, हे मी लिहून ठेवतो. बाईंनी लिहायचं थांबवलं होतं. उपमावाल्यांनी बशी खाली ठेवली होती.

सर थांबले तेव्हा अध्यक्षांनी अगदी हळू विचारलं, "पण सर, हा कागद वाळवला कोणी?"

सरांनी आमच्याकडे पाहिलं, एकेक करून. माझ्यावर जरा जास्त थांबले, असं मला वाटलं.

"मुलांनी," ते म्हणाले.

"यांना हे शिकवलं नव्हतं?"

"शिकवलं होतं. चाचणीत या आठही जणांनी बरोबर लिहिलंही होतं."

तेव्हा मुकुटबनवालीला वाटलं की आता सरांना वाचवलं पाहिजे. ती एक पाऊल पुढे आली आणि सुरू झाली, "मुद्रणासाठी वापरावयाच्या कागदातील आर्द्रतेचे प्रमाण अत्यल्प झाल्यास त्यात स्थिर विद्युतभार निर्माण होऊन," इथपासून ते परिच्छेद संपेपर्यंत, एकही शब्द न चुकता, शेवटी पान क्रमांक. बोलताना तिच्या हातात आमचा वाळवलेला ताव होता आणि तो खडखडत होता.

बाईंनी पुन्हा लिहायला घेतलं.

अहवाल डिसेंबरात आला. प्राचार्यांनी आम्हाला तो वाचून दाखवला. त्यात सरांबद्दल चांगले शब्द होते. विद्यार्थ्यांबद्दल लिहिलं होतं की त्यांचे ज्ञान पुस्तकी असून प्रत्यक्ष कामाशी त्याचा संबंध आढळला नाही. सबब कायम मान्यतेची शिफारस करता येत नाही. आधीच्यांना परीक्षा देता येईल, नवीन प्रवेश बंद. सर आम्हाला एका शब्दानेही बोलले नाहीत. आम्ही तयारी करून बसलो होतो, रागावतील, वही फेकतील. दुसऱ्या दिवशी ते ताव हातात धरून आले आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

मी एकदा एकटाच त्यांच्याकडे गेलो होतो. म्हणालो, "सर, तुमी मशीनचं नाव सांगितलं असतं तं?"

"सांगता आलं असतं," सर म्हणाले.

"मंग काहून नाई सांगितलं?"

"अरे, इतकं साफ कधी दिसत नाई," ते म्हणाले. "पुस्तकातबी नाई दिसत." आणि मग, "जा, एसटी चुकन तुही."

मार्च आला. सरांनी शेवटचा पेपर काढला, आणि शेवटचाच पेपर तपासला. भाई नापास झाला. त्यात नवल नव्हतं, तो प्रत्येक चाचणीत नापास होत असे. कागद कोरडा आहे की दमट हे कसे ओळखाल, या प्रश्नावर त्याने लिहिलं होतं: कानापाशी हलवावा, गालाला लावावा, मग कळते. सरांनी बाजूला लाल शाईने लिहिलं होतं: खरं आहे, पण हे उत्तर नाही. आणि शून्य. बाकी आम्ही आठही जण पास झालो, ज्यांनी रीम वाळवली होती ते सगळे. मला आर्द्रतेच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण होते.

सर फुलसावंगीला परत निघाले. थोरल्या भावाला आता एकट्याने शेती उरकत नव्हती, असं ते म्हणाले. काय लावणार म्हणून आम्ही विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काय होतं. बसस्टँडवर आम्ही नऊही जण पोचवायला गेलो. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी, पुस्तकांचा एक गठ्ठा. गाडी उशिरा होती. कोणीतरी उसाचा रस आणला, तो सगळ्यांनी प्यायला. सरांनी आम्हाला पुढे काय करणार विचारलं. कोणी म्हणालं बघू, कोणी म्हणालं मामाकडे नागपूरला, मुकुटबनवाली म्हणाली घरचे पाहून राह्यले. सरांनी प्रत्येकाला चांगलं आहे, चांगलं आहे म्हटलं.

गाडी लागली. पेटी टपावर गेली. सर पायरीवर चढले आणि दार धरून वळले. कंडक्टरने दोरी ओढली. भाई इतका वेळ खांबाला टेकून उभा होता, सगळ्यांत मोठा, पोरंबाळं असलेला माणूस. तो एकदम गाडीपाशी धावला आणि भर स्टँडवर ओरडला,

"सर, आता आमाले नापास कोन करन?"